घरांना मंजुरी, पाण्याचं नंतर बघू

गल्लीच्या तोंडाशी बावीस मजल्यांचा सांगाडा उभा राहिला की लोक विचारतात, याला परवानगी दिली कोणी? उत्तरही ठरलेलं असतं: महापालिकेनं, आणि कोणी? ते खोटं नाही, पण त्यात फारच थोडं खरं आहे. परवानगीच्या कागदावर सही महापालिकेच्या अभियंत्याची असते. इमारत किती उंच जाणार हे मात्र मंत्रालयातल्या नियमावलीने ठरवलेलं असतं. समोरचा रस्ता किती रुंद हे दहा-वीस वर्षांपूर्वीच्या विकास आराखड्यातून आलेलं असतं, धरणातलं पाणी जलसंपदा खात्याच्या ताब्यात असतं आणि शेतजमीन अकृषिक महसूल खात्याच्या कायद्याने झालेली असते. ज्या नगरसेवकाला आपण मत देतो, त्याची सही या फायलीत कुठेच नसते.

नव्या घरांच्या मंजुरीबद्दल आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, बिल्डरांनी शहर विकत घेतलं. दुसरा म्हणतो, परवानग्यांच्या जाचामुळे घरं महाग झाली. दोन्हींत तथ्य आहे, आणि दोन्ही मूळ दुखण्याला बगल देतात. नवी वस्ती मंजूर होताना तिला लागणारं पाणी, सांडपाण्याची वाट, रस्ता आणि शाळा यांचा एकत्र हिशेब कोणत्याही एका टेबलावर होत नाही, हे ते दुखणं. महाराष्ट्रातल्या गेल्या काही वर्षांच्या घडामोडींवर नजर टाकली की हे ठसठशीतपणे दिसतं.

सही एकाची, निर्णय दुसऱ्याचा

मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा १९१५ साली आला. १९५४ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली आणि आज चालतो तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. या कायद्यात दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली विकास आराखड्याची: कुठे राहायचं, कुठे कारखाने, कुठे शाळा, कुठून रस्ता. आराखडा करण्याचा इरादा महापालिका किंवा नगरपरिषद जाहीर करते, प्रारूप प्रसिद्ध करते, हरकती-सूचना मागवते, नियोजन समिती सुनावण्या घेते आणि शेवटी मंजुरी राज्य सरकार देतं. दुसरी पायरी बांधकाम परवानगीची. कलम ४४ खाली अर्ज आणि कलम ४५ खाली मंजुरी किंवा नकार. नकाशा नियमात बसत असेल आणि ६० दिवसांत उत्तर आलं नाही, तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. नाकारली तर अपील राज्य सरकारकडे.

लोकप्रतिनिधींचा हात पहिल्या पायरीपर्यंतच पोचतो. आराखड्यावर सर्वसाधारण सभेत चर्चा होते, आरक्षण बदलायचं तर ठराव होतो. दुसऱ्या पायरीवर महापालिकेत आयुक्त आणि नगरपरिषदेत मुख्याधिकारी यांचं राज्य असतं. इंग्लंडमध्ये मोठ्या गृहप्रकल्पाच्या अर्जावर नगरसेवकांची समिती उघड सभेत मतदान करते, शेजारीपाजारी तिथे बोलतात आणि नकार मिळालेला विकासक सरकारी निरीक्षकाकडे दाद मागतो. आपली पद्धत वेगळी आहे. नकाशा नियमात बसला की तो अडवायला अधिकाऱ्याकडे फारशी जागा नसते. यात एक फायदा आहे. प्रत्येक इमारतीगणिक राजकीय सौदा होण्याची वाट निदान कागदावर तरी बंद होते. तोटाही आहे. ‘इथे पाणीच नाही’ असं म्हणण्याचं ठिकाण फायलीत उरत नाही. ते आराखड्याच्या वेळीच म्हणायला हवं, आणि त्या वेळी लोकांना आराखडा बघायलाही सवड नसते.

त्यात गेल्या काही वर्षांत पहिली पायरीही लोकप्रतिनिधींविना राहिली. छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली आणि कोल्हापूर इथल्या सभागृहांची मुदत २०२० मध्ये संपली. मुंबई, पुण्याची मार्च २०२२ मध्ये. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका अडकल्या. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये त्या घेण्याचा आदेश दिला आणि राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान जानेवारी २०२६ मध्ये झालं. मधल्या काळात आयुक्तच प्रशासक होते. प्रस्ताव मांडणारे तेच आणि तो मंजूर करणारेही तेच. राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन आणि इमारत बांधकामाचं नियमन ही अगदी पहिली दोन कामं म्हणून नोंदवली आहेत. ती नागरी संस्थांकडे असावीत, हा हेतू. प्रत्यक्षात अनेक शहरांनी चार-पाच वर्षं निवडलेल्या सभागृहाशिवाय काढली आणि परवानग्या एक दिवसही थांबल्या नाहीत.

नकाशावरची रेघ

विकास आराखडा वीस वर्षांसाठी असतो. तो मंजूर व्हायलाच त्यातली निम्मी वर्षं जातात. मुंबईचा दुसरा आराखडा १९८१ ते २००१ या काळासाठी होता, तो टप्प्याटप्प्याने मंजूर झाला १९९१ ते १९९४ दरम्यान. तिसऱ्याचं प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये आलं आणि गदारोळ झाला. असलेल्या वास्तूंवरून रस्ते गेलेले, वारसा इमारती गायब, स्थानकांभोवती आठपर्यंत एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या आठपट बांधकामाची मुभा. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मागे घ्यायला लावला. पुढच्या वर्षी सुधारित प्रारूप आलं आणि मंजुरी मिळाली मे २०१८ मध्ये. इथे लोकांनी नकाशे उघडून बघितले, वस्तीवस्तीत बैठका घेतल्या, म्हणून चुका सापडल्या. हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगं आहे.

पुण्याच्या जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ चा आराखडा महापालिकेने २०१३ मध्ये हरकतींसाठी प्रसिद्ध केला. सभागृहातल्या वादात मुदत टळली. २०१५ मध्ये राज्य सरकारने तो महापालिकेच्या हातून काढून तिघा अधिकाऱ्यांच्या समितीकडे सोपवला. मंजुरी आली जानेवारी २०१७ मध्ये, म्हणजे वीस वर्षांच्या आराखड्याची दहा वर्षं उलटल्यावर. त्या दहा वर्षांत शहर थांबलं नव्हतं.

खरा गोंधळ समाविष्ट गावांचा. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये आणखी २३ गावं आली. क्षेत्रफळाने पुणे राज्यातली सर्वांत मोठी महापालिका ठरली. रस्ते, पाणी, कचरा सांभाळायची जबाबदारी महापालिकेकडे आली, पण २३ गावांचं नियोजन राज्य सरकारने पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे, दिलं. म्हणजे बांधकामाला मंजुरी एका संस्थेची आणि नळ जोडायची पाळी दुसरीची. पीएमआरडीएने २०२१ मध्ये प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला, हजारोंनी हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०२५ मध्ये सरकारने तो आराखडाच रद्द केला. एवढ्या काळात म्हाळुंगे-सूसपासून मांजरीपर्यंत मंजुऱ्या चालूच होत्या. आराखडा नाही म्हणून कोणाचं बांधकाम अडलं नाही. अडले ते रस्ते, कारण त्यांची जागा कोणी ताब्यात घेतली नव्हती.

आराखड्यात बाग किंवा शाळा दाखवली म्हणजे ती झाली, असंही नसतं. कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देतो. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत, जी आता दोन वर्षांची आहे, महापालिकेने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप जातं. तिजोरीत पैसे नसलेल्या गावांत शाळेच्या आरक्षणाचा शेवट अनेकदा असाच होतो. आणि ज्या आरक्षणावर कोणाचंच लक्ष नसतं, तिथे तिसरंच घडतं. नालासोपाऱ्यात कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या, भरल्या, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या सुरुवातीला जमीनदोस्त झाल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबं रस्त्यावर आली. जागेवर आरक्षण होतं, नकाशावर रेघ होती. फक्त ती रेघ जागेवर जाऊन बघणारं कोणी नव्हतं.

दहा गुंठ्यांचं गणित

आराखडा जागा ठरवतो, आणि त्या जागेवर किती माणसं राहणार हे चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, ठरवतो. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं वगळता सगळ्या राज्याला एकच नियमावली लागू झाली. तिचं लांबलचक सरकारी नाव कोणी घेत नाही. वास्तुविशारदांपासून दलालांपर्यंत सगळे ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. शहरागणिक वेगळे नियम, त्यांचे वेगळे अर्थ आणि त्या अर्थांचे वेगळे भाव, हे सगळं तिने पुष्कळ कमी केलं. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर स्वतःचं घर बांधणाऱ्याला शुल्क भरल्याची पावतीच परवानगी मानली जाते, ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत मंजुरी. तालुक्याच्या गावात आयुष्यभराची पुंजी घालून घर बांधणाऱ्याला हा खरा दिलासा आहे.

आता दुसरी बाजू. महापालिका हद्दीत, दाट वस्तीबाहेर, दहा गुंठ्यांचा म्हणजे साधारण १,००० चौरस मीटरचा प्लॉट घ्या. समोरचा रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर मूळ एफएसआय १.१० वरच थांबतो. रस्ता बारा मीटरचा असेल तर मूळ १.१०, पैसे भरून मिळणारा ०.५० आणि विकत घेता येणारे हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, ०.६५, एकूण २.२५. तीस मीटरच्या रस्त्यावर हाच आकडा ३ होतो. या प्रत्येकावर जिने, बाल्कन्या वगैरेंसाठी, पुन्हा पैसे भरून, साठ टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र मिळतं. म्हणजे त्याच दहा गुंठ्यांत अरुंद रस्त्यावर १,७६०, बारा मीटरवर ३,६०० आणि तीस मीटरवर ४,८०० चौरस मीटर बांधकाम. एका घराला सगळं धरून ८० चौरस मीटर लागतं असं मानलं, तर घरं झाली अनुक्रमे २२, ४५ आणि ६०.

बारा मीटर रस्त्यावरची ४५ घरं घेऊ. घरटी चार माणसं, माणशी दिवसाला १३५ लिटर हा सरकारी निकष. रोजचं पाणी २४,३०० लिटर. दहा हजार लिटरचे जवळजवळ अडीच टँकर. एका प्लॉटला, रोज. तसल्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना असे चाळीस प्लॉट असतील तर शंभराच्या घरात टँकर. हा गुणाकार चौथीतला मुलगा करेल. पण मंजुरीच्या फायलीत पार्किंगच्या जागा मोजलेल्या असतात, जिन्याची रुंदी तपासलेली असते, अग्निशमनचा दाखला जोडलेला असतो, आणि हा गुणाकार कुठेच नसतो.

रस्त्याच्या रुंदीवर इतकं अवलंबून असलं की रुंदीचं राजकारण होणारच. २०२० मध्ये पुण्यात सहा मीटरचे तीनशेहून अधिक रस्ते नऊ मीटर करण्याचा विषय स्थायी समितीत आला. नऊ मीटर म्हणजे टीडीआर वापरायला मोकळीक. हेच रस्ते का, बाकीचे का नाहीत, यावर वादळ उठलं. रुंदीकरण हे वाहतुकीचं काम म्हणून मांडलं जातं, पण कागदावर तीन मीटर वाढले की पुनर्विकासाचं गणित जमतं. मुंबई-पुण्यात नव्या घरांचा मोठा भाग आता या पुनर्विकासातूनच येतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या तीन मजली सोसायट्या पडतात, तिथे बारा मजले येतात. रहिवाशांना मोठं घर आणि लिफ्ट मिळते, ते सुखावतात आणि त्यात गैर काही नाही. गल्लीतली जलवाहिनी आणि ड्रेनेजची पाइप मात्र तीन मजल्यांच्या काळातली असते.

आणखी एक अडचण उघड बोलली जात नाही. वाढीव एफएसआयचे पैसे राज्य आणि स्थानिक संस्था यांच्यात वाटले जातात. जीएसटीनंतर जकात आणि स्थानिक संस्था कर (एलबीटी) गेले. बांधकाम परवानगी हा मोठ्या महापालिकांच्या उत्पन्नाचा एक मुख्य आधार झाला. जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने बांधकाम अधिमूल्यात वर्षभरासाठी पन्नास टक्के सवलत दिली, तेव्हा विकासकांची रीघ लागली. ज्या संस्थेने ‘सध्या थांबा’ म्हणायचं, तिचा अर्थसंकल्पच ‘चालू द्या’वर उभा आहे. हे पैसे त्याच भागातल्या पाइपसाठी खर्च होतात का, याचा प्रभागवार ताळेबंद नागरिकांपुढे येत नाही.

परवडणाऱ्या घरांची तरतूद आहे, तिचीही हीच गत. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर वीस टक्के क्षेत्र दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी ठेवायचं आणि ती म्हाडामार्फत द्यायची. म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीत अशी घरं येतात आणि त्यांवर उड्या पडतात. पण नाशिकमध्ये ही घरं म्हाडाकडे गेलीच नाहीत, असा आरोप २०२२ मध्ये विधान परिषदेत गाजला. मर्यादेच्या खाली राहण्यासाठी जमिनीचे तुकडे पाडण्याची पळवाट तर सगळ्यांनाच ठाऊक आहे.

पाणी न्यायालयात

हिशेब महापालिका मांडत नाही, तेव्हा तो न्यायालयात मांडावा लागतो. कल्याण-डोंबिवलीत कचऱ्याची व्यवस्था नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये नव्या बांधकाम परवानग्या थांबवल्या. २०१६ मध्ये मुंबईत देवनार आणि मुलुंडच्या कचराभूमीमुळे तोच आदेश झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अटींवर तो शिथिल केला. २०१६ मध्येच पुण्यात बाणेर-बालेवाडीत पाणी नाही म्हणून बांधकामांना लगाम बसला, २०१७ मध्ये ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर. प्रत्येक वेळी काही महिने खळबळ झाली, प्रतिज्ञापत्रं सादर झाली, बंदी उठली. न्यायालय परवानग्या थांबवू शकतं. नळ टाकणं हे त्याचं काम नव्हे.

हमीपत्र हा यातला सर्वांत शिकण्यासारखा कागद. महापालिका पाणी देऊ शकत नाही अशा भागात विकासक लिहून देतो, की पालिकेचं पाणी येईपर्यंत मी स्वखर्चाने पाणी पुरवीन. या एका कागदावर शेकडो घरांची मंजुरी निघते. इमारत पूर्ण होते, भोगवटापत्र मिळतं, सोसायटी नोंदवली जाते, विकासक पुढच्या प्रकल्पाला लागतो. टँकरचं बिल सोसायटीच्या देखभाल खर्चात येऊन बसतं. हमीपत्र कोणी मोडलं, त्याला काय शिक्षा झाली, हे विचारायला सोसायटीचा सचिव पालिकेत गेला की त्याला पाणीपुरवठ्याकडून बांधकाम विभागाकडे आणि बांधकामकडून पाणीपुरवठ्याकडे पाठवतात.

हे फक्त गैरसोयीचं प्रकरण नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला किरकटवाडी, नांदोशी, धायरी, नांदेड या पट्ट्यात गिया बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. हा सगळा शहरात नव्याने सामील झालेला पट्टा. शुद्धीकरण केंद्र नाही, विहिरीचं पाणी क्लोरीन टाकून सोडलं जात होतं. बाजूलाच उंच इमारती उठत होत्या, आणि नियमानुसार मंजुरी मिळायला पाण्याची ही अवस्था आड येत नव्हती. 

पाण्याची दुसरी तऱ्हा पुराची. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतल्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकाम बंद. निळी-लालच्या मधे जोतं लाल रेषेच्या वर उचलून बांधता येतं. पण जोतं उचलून सुटतं ते एक घर. अडलेलं पाणी शेजाऱ्याकडे जातं. २०१९ आणि २०२१ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले, जुलै २०२४ मध्ये खडकवासल्याच्या विसर्गाने पुण्यातली एकतानगरी बुडाली. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेच्या आत उभे राहिलेले ३६ बंगले मे २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने हरित लवादाच्या आदेशानुसार पाडले. बंगल्यांच्या मालकांनी रीतसर पैसे मोजले होते, दस्त नोंदवले होते, काहींनी कर्ज काढलं होतं. नोंदणी कार्यालयाने मुद्रांक शुल्क घेतलं तेव्हा पूररेषा कोणी विचारली नाही. सरकारच्या एका खिडकीवर जे चालतं ते दुसऱ्या खिडकीवर गुन्हा ठरतं, ही गोष्ट नागरिकाने कशी ओळखावी?

बेकायदा शहर कोण बांधतं

परवानगीबाहेरचं शहर किती मोठं आहे, हे कोणत्याही महानगराच्या सीमेवर फिरलं की कळतं. शेतमालक गुंठ्यागुंठ्याने जमीन विकतो, घेणारा पत्रे टाकतो, मग स्लॅब. २००१ मध्ये गुंठेवारी नियमाधीन करण्याचा कायदा आला, १ जानेवारी २००१ पर्यंतच्या भूखंडांसाठी. २०२१ मध्ये मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. प्रत्येक मुदतवाढ पुढच्या बांधकामाला न बोलता आमंत्रण देते. जमिनीचे छोटे तुकडे विकू न देणाऱ्या तुकडेबंदी कायद्यातही २०२५ मध्ये एक गुंठ्यापर्यंत ढील आली.

याला निव्वळ कायदेभंग म्हणून हिणवणं सोपं आहे. ज्याचा पगार वीस हजार, त्याला कायदेशीर घर कोणत्या प्रकल्पात मिळणार? मुंब्र्यात एप्रिल २०१३ मध्ये लकी कंपाउंडमधली बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं गेली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७. या माणसांनी धोका पत्करला, कारण दुसरा पर्याय शहराबाहेर होता. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींची कथा आणखी वेगळी. तिथे लोकांना कायदेशीर घर हवं होतं आणि ते कायदेशीर आहे असंच त्यांना वाटलं. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून गृहप्रकल्पांच्या नियामकाकडची, रेराची, नोंदणीही मिळवली गेली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने पाडण्याचा आदेश दिला. त्यानंतर महारेराने परवानग्यांची थेट नियोजन प्राधिकरणाकडून खातरजमा सुरू केली. घर घेणाऱ्याने कागद तपासावेत हा उपदेश बरोबर आहे, पण सरकारी संकेतस्थळावर नोंद दिसत असताना सामान्य माणसाने आणखी काय तपासायचं?

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये जी चौकट घालून दिली ती म्हणून महत्त्वाची. भोगवटापत्र नसेल तर वीज-पाणी नाही, पूर्णत्वाचा दाखला बघितल्याशिवाय बँकांनी कर्ज देऊ नये, चूक करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई व्हावी. ही चौकट पाळायची तर आधी भोगवटापत्र वेळेवर द्यावं लागेल. मुंबईत वर्षानुवर्षं त्याविना राहणाऱ्या सोसायट्या कमी नाहीत, आणि त्यात दोष बहुतेक वेळा विकासकाच्या अपुऱ्या कामांचा असतो.

गाव, शहर आणि गोवा

शहराच्या हद्दीलगतच्या गावांना शहर नको असतं आणि शहराची घरं मात्र त्यांच्याच शिवारात उगवतात. कोल्हापूर महापालिका १९७२ मध्ये झाली. त्यानंतर अर्धशतक उलटलं तरी हद्द होती तिथेच राहिली. कर वाढेल, शेती जाईल, ही गावांची भीती. तोडगा म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांसाठी वेगळं प्राधिकरण नेमलं गेलं. पुण्यात उलट झालं. सामील झालेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं कर आणि सुविधांच्या तक्रारींनंतर महापालिकेतून बाहेर पडून स्वतःची नगरपरिषद झाली. गावकऱ्यांचा अनुभव एकच आहे: कराची पावती लगेच येते, जलवाहिनी नंतर.

गोव्यात हाच प्रश्न जास्त धारदार आहे, कारण तिथे ग्रामसभा जागी आहे. ‘प्रादेशिक आराखडा २०११’ लोकांच्या आंदोलनामुळे सरकारला २००७ मध्ये मागे घ्यावा लागला. त्यानंतर आराखडा न बदलता जमिनीचा विभाग बदलण्याच्या वाटा गोव्याच्या नगरनियोजन कायद्यातच काढल्या गेल्या: २०१८ मध्ये कलम १६ब, २०२३ मध्ये कलम १७(२), २०२४ मध्ये कलम ३९अ. १७(२) खालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. सांकवाळसारख्या गावांत मोठ्या गृहप्रकल्पांविरुद्ध ग्रामसभा तापल्या. विहीर आटेल, गल्लीत गाड्या मावणार नाहीत, हे बोलणारी माणसं घरांच्या विरोधात नसतात. त्यांना आकडे हवे असतात, आणि आकडे कोणी देत नाही.

आधी हिशेब, मग होकार

उपाय नवे शोधायची गरज नाही. पहिला उपाय शंभर वर्षं जुना आहे: नगररचना योजना. मुंबईची कितीतरी उपनगरं १९१५ च्या कायद्याखालच्या अशा योजनांतून वसली. सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-बागा-शाळांच्या जागा आधी आखून घ्यायच्या आणि प्रत्येकाला आकाराने लहान पण सुविधा असलेला भूखंड परत द्यायचा. जमीन जात नाही, म्हणून कोर्टकचेऱ्या कमी. गुजरातने ही पद्धत टिकवली, अहमदाबाद तसंच वाढलं. महाराष्ट्राने ती मधे टाकून दिली होती. नवी मुंबई विमानतळाभोवतीचं नैना क्षेत्र आणि पुण्याजवळचं म्हाळुंगे-माण इथे ती पुन्हा सुरू झाली आहे. नवी गावं शहरात घेण्याआधी ही योजना हवी.

दुसरा उपाय नियमावलीतला. एफएसआय रस्त्याच्या रुंदीला बांधता येतो, तर पाण्याच्या उपलब्धतेलाही बांधता येईल. प्रत्येक प्रभागाची जलवाहिनी, सांडपाणी केंद्र, शाळा यांची क्षमता किती आणि आजवरच्या मंजुऱ्यांनी त्यातली किती वापरली, हा तक्ता दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध व्हावा. क्षमता संपली तर वाढीव एफएसआय थांबावा, मूळ हक्क तेवढा राहावा. वाढीव एफएसआयचे पैसे वेगळ्या खात्यात, त्याच भागासाठी. विकासकांच्या संघटनांनी याचं स्वागतच करायला हवं, कारण अवचित आलेली न्यायालयीन बंदी त्यांना सर्वांत महाग पडते.

तिसरा उपाय राजकीय. नियोजन आणि सुविधा एकाच संस्थेकडे हव्यात. जी नळ देणार तिनेच नकाशा मंजूर करावा. घटनेने महानगर नियोजन समिती सांगितली आहे, तिचे दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेल्या प्रतिनिधींमधले असतात. ती समिती फक्त कागदावर ठेवून चालणार नाही. नगरसेवकाला एकेका इमारतीच्या सहीचा अधिकार नको, तो न देण्यात शहाणपण आहे. प्रभागाच्या क्षमतेच्या तक्त्यावर उभं राहून उत्तर देण्याची जबाबदारी मात्र त्याच्यावर हवी.

महाराष्ट्राला नवी घरं हवीत, पुष्कळ हवीत आणि लवकर हवीत. मंजुऱ्या अडवून ती स्वस्त होणार नाहीत. उलट माणसं गुंठेवारीकडे ढकलली जातील. पण पाण्याचा हिशेब न मांडता दिलेली मंजुरी ही अर्धीच मंजुरी असते. उरलेल्या अर्ध्याची किंमत घर घेणारा पुढची वीस वर्षं टँकरवाल्याला देतो.

महापालिकांत आता निवडून आलेली सभागृहं आहेत. अनेक शहरांचे आराखडे येत्या काही वर्षांत प्रसिद्ध होतील. मुंबईबाहेर हरकतींसाठी फक्त तीस दिवस मिळतात. त्या तीस दिवसांत आपला सर्व्हे नंबर शोधा, शेजारच्या मोकळ्या जागेवर काय आरक्षण आहे ते पहा, समोरचा रस्ता किती मीटरचा दाखवलाय ते बघा, हरकत लेखी द्या, पोच घ्या आणि सुनावणीला जा. तिथे एकच प्रश्न विचारा: या भागात एवढी घरं येणार, तर पाणी कुठून आणि कोणत्या वर्षी? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेतल्याशिवाय उठू नका.